एकशे ऐंशीवरचं कुंकू

ओव्हन साफ करायचं काम मी अकरा वर्षं करते आहे आणि अकरा वर्षं मला त्याचा वीट आलेला आहे. भांडी घासली की ओट्यावर पालथी दिसतात, लादी पुसली की येणारा जाणारा निदान चपला तरी बाहेर काढतो. ओव्हन आतून घासला तर कोणाला दिसणार? दार लावलं की संपलं. आणि नाही घासला तरी दार लावलं की संपलं, म्हणून तो घासायची आठवण घरात माझ्याशिवाय कोणाला होत नाही.

पद्धत साधी आहे. आधी प्लग काढायचा, जाळ्या आणि ट्रे बाहेर घ्यायचे आणि कढत पाण्यात साबण घालून भिजत टाकायचे. खायच्या सोड्यात चमचाभर चमचाभर पाणी घालत मेंदीइतका दाट लेप करायचा आणि रॉड सोडून आत सगळीकडे थापायचा. मग चार-पाच तास त्याच्याकडे बघायचंही नाही. वाळला की जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचा, कोपऱ्यांत दात घासायचा जुना ब्रश फिरवायचा, उरलेल्या पांढऱ्या थरावर व्हिनेगर शिंपडायचं, ते फसफसलं की ओलं फडकं पिळून पुसायचं. एकदा पुसून भागत नाही, आठ-दहा वेळा पुसावं लागतं. दाराच्या काचेवरचे तपकिरी डाग शेवटी घ्यायचे, कारण तिथे खांदा भरून येतो. रॉडला पाणी लागू द्यायचं नाही. सगळं झालं की दहा मिनिटं रिकामाच तापवायचा. एवढं करून उठलं की गुडघे आपले राहत नाहीत.

तो तसाच स्वच्छ ठेवायचा तर त्यालाही शिस्त लागते. केक उतू जाईल अशी शंका आली की खालच्या ट्रेवर बटर पेपर अंथरायचा, काही सांडलंच तर ओव्हन कोमट आहे तोवर पुसून घ्यायचं. मला हे सगळं पाठ आहे. पण दिवसाला तीन केक आणि दोन ट्रे नानकटाई निघाल्यावर कोमट ओव्हनसमोर वाकायला अंगात काही उरत नाही, आणि उद्या बघू म्हणत म्हणत मागच्या भिंतीवर डांबर जमतं.

मी सांगते आहे ती गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा ओव्हन घेऊन आठ वर्षं झाली होती. घरी आम्ही तिघंच. मी, सातपूरच्या कारखान्यात तपासणी खात्यात असलेला माझा नवरा, आणि सासूबाई. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेलेली. सासूबाई कळवणजवळच्या खेड्यातल्या, ऐंशीला टेकलेल्या, गळ्यात तुळशीची माळ. माळ घातल्यापासून अंडं-मटणाचा विटाळ. माझ्या केकात अंडं असतं म्हणून आठ वर्षांत त्यांनी ओव्हनला बोट लावलं नव्हतं. ओट्याच्या त्या टोकाला त्या पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवत नसत. भांडण असं कधी झालं नाही. त्यांनी ओट्याचं एक टोक सोडून दिलं आणि मी ते घेतलं, इतकंच.

नवरा माझ्या कामाला टाइमपास म्हणायचा. वाईट हेतूने नाही. पाहुण्यांना सांगताना कौतुकानेच म्हणायचा, "हिचा छान टाइमपास होतो, चार पैसेही सुटतात." सकाळी सहाला मैदा चाळायला उभी राहिलेली मी रात्री जेवायला बसेपर्यंत उभीच असायचे. कसला टाइम आणि कुठे पास होत होता, देव जाणे. पण मी हसायचे. पाहुण्यांसमोर हसण्याची सवय बायकांच्या अंगात मुरलेली असते.

मला सगळ्यात जास्त लागायचं ते खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी हॉलमध्ये पाट मांडून हत्यारांची पूजा होते. नवऱ्याचं मोजमापाचं व्हर्निअर, पान्यांची पेटी, गावाकडून आणलेला कांदे कापणीचा विळा, स्वयंपाकघरातली विळी, आणि मुलगी इथे होती तोवर तिचा लॅपटॉप. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला त्या दिवशी हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि सुट्टी. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. पाटांभोवती रांगोळी मीच काढायचे. फुलंही मीच आणायचे. माझा ओव्हन मात्र आत ओट्यावर चालूच असायचा, कारण दसऱ्याच्या ऑर्डरी. अंड्याची वस्तू देवाच्या पाटावर कशी येणार? कोणी नाही म्हटलं नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं. मीही विचारलं नाही. मान मागून घ्यायचा म्हणजे त्यातला मानच गेला. दर खंडेनवमीला सगळ्यांना फुलं वाहून झाली की मी आत जाऊन टायमर बघायचे.

त्या वर्षी गणपतीच्या गर्दीनंतर एका बाईचा फोन आला. वर्षानुवर्षं माझ्याकडून केक नेणारी बाई. म्हणाली, "रागावू नका, पण यावेळी केकला जळकट वास येत होता हो." मी फोन ठेवून ओव्हनमध्ये डोकं घातलं. तिचं खरं होतं. मागची भिंत काळी, तळाला साखर जळून दगड झालेली, काच तर अशी की आतला दिवा दिसू नये.

आणि त्या क्षणी मी ठरवलं की मी हा साफ करणार नाही. एकदा तरी दुसऱ्या कोणीतरी करावा. नवऱ्याला सांगितलं, "या रविवारी ओव्हन तुम्ही घासायचा." तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "बघतो." त्या रविवारी त्याचा मित्र आला. पुढच्या रविवारी त्याची पाठ धरली. तिसऱ्या रविवारी मी विचारलं तेव्हा म्हणाला, "अगं, तुला त्यातलं कळतं, मी काहीतरी बिघडवून ठेवीन." ट्रेच्या वरखाली दोन दोन पेपर घालून, वास लागू नये म्हणून वेलची जास्त टाकून काम रेटत राहिले. माझा संप चालू होता आणि तो मोडून काढायला कोणी येतही नव्हतं. घरात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं की संप चालू आहे.

नवरात्र सुरू झालं, घट बसले. घट बसले की नऊ दिवस घरात अंडं येत नाही, मी फक्त बिनअंड्याचे केक करते. अष्टमीच्या दुपारी मी फुलं आणायला पंचवटीत गेले. झेंडूचे ढीग, रिक्षा, दुचाक्या, आणि वणीच्या गडाकडे निघालेली अनवाणी माणसं. दोन पिशव्या भरून तीनच्या सुमाराला घरी आले. नवमीला संध्याकाळी एका वाढदिवसाला दोन किलोचा केक द्यायचा होता आणि त्याचं स्पंज त्याच दिवशी भाजून ठेवावं असा माझा बेत होता.

स्वयंपाकघराच्या दारातच पाय घसरला. लादीवर काळं पाणी. ओव्हनचं दार सताड उघडं, आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसून सासूबाई काथ्याने आतली भिंत घासत होत्या. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात काळे. शेजारी वाटीत भिजवलेली चिंच आणि गावाकडून डब्यात भरून आणलेली शेणीची राख. ही राख त्या फक्त देवाच्या भांड्यांना वापरतात. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तांब्या उचलला आणि समई विसळावी तसा तांब्याभर पाणी आत ओतून दिलं. रॉडवरून ते खाली गेलं आणि तळाच्या फटीतून ठिबकायला लागलं.

"आई! काय करताय तुम्ही?"

त्या दचकल्या. "घासला," म्हणाल्या. "लय घाण व्हती."

मी पिशव्या टाकल्या. आधी प्लग पाहिला. काढलेला होता, एवढी देवाची कृपा. मग पुढून पाहिलं आणि उरलंसुरलं भान गेलं. त्यांनी बाहेरूनही तसाच घासला होता. बटणांच्या भोवती छापलेले आकडे सगळे गेले होते. शंभर नाही, दीडशे नाही, काही नाही. पांढरा, चकचकीत पत्रा आणि त्यावर तीन मुकी बटणं.

मग मी जे बोलले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. म्हटलं, कोणी सांगितलं होतं तुम्हाला? उद्याची ऑर्डर कशी देऊ मी? वीज आहे त्यात, ती काय समई आहे चिंचेने घासायला? हे माझं काम आहे, माझं पोट आहे, तुम्हा दोघांना तो खेळ वाटतो. आणि शेवटी, सगळ्यात मोठ्याने, "आठ वर्षं हात लावला नाहीत तेच बरं होतं!"

त्यांनी काथ्या वाटीत ठेवला, भिंतीला धरून उठल्या, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसल्या. मी एकटीने लादी पुसली. रडत पुसली, आणि ते दुःखाचं रडू नव्हतं, थकव्याचं होतं. पुसता पुसता दिसत होतं की ओव्हन आतून लख्ख झालाय. माझ्या सोड्याने आठ वर्षांत कधी इतका निघाला नव्हता. त्याचाही रागच आला.

संध्याकाळी नवरा आला. मी काय झालं ते सांगितलं. त्याने मागचा पत्रा खोलला, आतलं पाणी टिपलं, टेबल फॅन लावून दिला. "सकाळपर्यंत वाळेल, मग बघू चालतो का," म्हणाला. मग आत डोकावून म्हणाला, "पण स्वच्छ मस्त झालाय गं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पान्यांची पेटी घेऊन हॉलमध्ये गेला. सासूबाई त्या दिवशी अर्धीच भाकरी जेवल्या. मला ते दिसलं. तरी मी त्यांना आग्रह केला नाही, कारण माझा राग अजून संपला नव्हता आणि खरं सांगायचं तर तो संपवावासा वाटतही नव्हता.

नवमीला सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर हॉलमध्ये पाट मांडून झाले होते. दर वर्षी ते मी मांडते. त्या दिवशी सासूबाईंनी मांडले होते. एका पाटावर व्हर्निअर आणि पेटी, दुसऱ्यावर विळा आणि विळी. आणि मधोमध दोन पाट एकमेकांना जोडून ठेवलेले, त्यांवर कोरं फडकं अंथरलेलं, पुढे वाकडंतिकडं रांगोळीचं स्वस्तिक. त्या जोडपाटावर काहीच नव्हतं.

नवऱ्याने विचारलं, "आई, हा एवढा मोठा पाट कोणासाठी?"

सासूबाई वाती वळत होत्या. मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "त्याची ओल गेली नसंल आजून."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी सोफ्याच्या कडेला बसले.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही ओव्हन पूजेसाठी घासलात?"

"मंग काय?" त्या अजूनही वातीकडेच बघत होत्या. "सगळ्यांची हत्यारं पुजायची आन् तुझं तेवढं आत ठिवायचं, दर वर्साला डोळ्याला दिसतं ना. पर त्यात अंडं शिजतं. म्हनलं, घट बसल्यापासून आठ दिस अंडं शिवलं नाय त्याला. देवाच्या राखंनं घासून काढला तर चालंल. आता मला काय ठावं त्याला पानी चालत नाय." मग जरा थांबून, "माझं चुकलं, पोरी."

मला वाटायचं की कोणाला दिसत नाही. दिसत होतं. आठ वर्षं ओट्याच्या पलीकडच्या टोकावरून एक बाई बघत होती, आणि माझ्या बाजूने तिने आपल्या देवाशी मार्ग काढला होता. आणि मी तिला काय म्हणाले होते? मी तिथेच रडले, ओरडले होते त्याच्या निम्म्या आवाजात. "माझं चुकलं आई," म्हटलं. त्यावर "बरं बरं, उठ, मुहूर्त जातो," म्हणाल्या. सासू ती सासूच.

ओव्हन जड आहे. एका बाजूने नवऱ्याने धरला, एका बाजूने मी. पाटावर ठेवताना तो हळूच म्हणाला, "आठ वर्षं झाली नाही गं याला?" मी हो म्हटलं. त्या दिवसानंतर टाइमपास हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही. ओव्हन मात्र त्याने आजतागायत घासलेला नाही.

सासूबाईंनी हळद वाहिली, झेंडूचं फूल वर ठेवलं. मग तेलात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्या पुसून टाकलं ते काय लिव्हलेलं व्हतं?"

"आकडे, आई. किती तापवायचा त्याचे."

"तुला सगळ्यात जास्ती कोन्ता लागतो?"

"एकशे ऐंशी."

"कुठं व्हता दाखव."

आठ वर्षं ते बटण मी फिरवलेलं. आकडा नसला तरी हाताला जागा माहीत होती. मी बोट ठेवलं, आणि बरोबर तिथे त्यांनी कुंकवाचा ठिपका लावला. मग बटण त्या ठिपक्यापाशी फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

पूजा झाल्यावर हात लावायचा नाही. ऑर्डर पुढे ढकलायला मी केक सांगितलेल्या घरी फोन केला. आठ वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "आज आमच्या ओव्हनची पूजा झाली आहे, केक उद्या सकाळी ताजा करून दिला तर चालेल का?" मला वाटलं बाई चिडेल. ती म्हणाली, "अहो, आज हत्याराला हात नाही लावायचा, माहितीये ना मला. उद्याच करू आम्ही वाढदिवस, दसराही आहे." मी दुपारी जेवून झोपले. भर दुपारी, पंखा लावून, पाच वाजेपर्यंत. दसऱ्याला सकाळी धाकधुकीने प्लग लावला. रॉड लाल झाले. बटण कुंकवावर ठेवून केक भाजला, आणि त्याला कसलाही वास नव्हता.

त्यानंतर ओव्हन परत मीच साफ करते. सोडा, कार्ड, ब्रश, व्हिनेगर, भरून आलेला खांदा, सगळं तसंच. कामाचा कंटाळा गेला असं म्हणणार नाही, तो काही गेलेला नाही, आता तर गुडघ्याला पट्टा लावून बसावं लागतं. फक्त बाहेरचा पत्रा पुसताना फडकं त्या ठिपक्याच्या भोवतीने फिरवते. तेलाचं कुंकू चिवट असतं, वर्षभर टिकतं. फिकट होतं तोवर पुढची खंडेनवमी येते. नवरा म्हणतो, आकड्यांचं नवं स्टिकर मिळतं, लावून देतो. नको म्हणते.

यंदा सासूबाईंना पाटापाशी धरून आणावं लागलं. एका डोळ्याने दिसत नाही आणि हात फार कापतो. मी बोट धरून जागा दाखवली, तरी शेवटच्या क्षणी हात हलला आणि कुंकू एकशे ऐंशीच्या पुढे, दोनशेच्याही पलीकडे जाऊन लागलं. जुना ठिपका मी पूजेआधी पुसून ठेवला होता. त्यांनी विचारलं, "बरुबर लागलं ना?"

"बरोबर लागलं," मी म्हटलं.

आता बटण कुंकवाच्या दोन बोटं अलीकडे ठेवते आणि केक करते. पत्रा पुसताना फडकं त्या नव्या जागेच्या भोवतीने फिरवते.